आठवड्याची सुई आणि वऱ्हाडचं ऊन



वजन कमी करणाऱ्या आठवडी इंजेक्शनाबद्दल हल्ली स्टाफरूममध्येही बोललं जातं. मार्च २०२५ मध्ये भारतात मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची ही औषधं नव्हेत.

आधी विज्ञान पाहू. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. पण शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसं होतं. वेगोवीतला सेमाग्लुटाइडचा रेणू असा घडवलाय, की रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून सुई आठवड्याला एक. अर्धायुष्य शिकवताना हे उदाहरण मुलांना पटकन कळेल.

गुण येतो, हे खरं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटलं. औषध थांबवल्यावर मात्र वर्षभरात घटलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे १०० किलोचा माणूस ८५ वर येतो आणि पुन्हा ९५ च्या आसपास जातो. खर्चाचा हिशेब करताना हे धरा.

आता आपल्याकडची गोष्ट. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बाहेर काढलं तरी ३० अंशांच्या आत, तेही पाकिटावर लिहिलेले दिवसच. आणि अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला, जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं! अशा दिवसांत अमरावतीहून अकोल्याला निघताना पेन गाडीच्या डिक्कीत टाकलं, तर औषध वाया गेलंच समजा.

दुसरं पाण्याचं. सुरुवातीला आणि डोस वाढला की मळमळ, उलट्या, जुलाब होतात. जेवण कमी, त्यासोबत पाणीही कमी. नवतप्यात सर्वेक्षणाच्या ड्युटीवर असलेल्या माणसाला हे फार महागात पडतं. शरीर सुकलं की किडनीवर ताण येतो. डोस कधी वाढवायचा, हे उन्हाळा लक्षात घेऊन डॉक्टरांशी ठरवा. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, साखरेच्या गोळ्या चालू असतील किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर तेही आधीच सांगा.

प्रवासात पेन थर्मासमध्ये न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा. एकदा गोठलेलं पेन पुन्हा वापरता येत नाही.