वाडीचा संगम आणि मिरजेचे रूळ

नृसिंहवाडीच्या घाटावर कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. गावात रेल्वे नाही. पण या दोन्ही नद्या इथे पोचण्यापूर्वी एकाच लोहमार्गाखालून वाहून येतात. पंचगंगा रुकडीच्या पुलाखालून, कृष्णा अंकली-उदगावजवळच्या पुलाखालून. हा मार्ग म्हणजे १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, सहल वाडीला आली, तर परतताना थोडी वाट वाकडी करा. रेल्वेचा इतिहास दिल्लीच्या संग्रहालयातच पाहावा लागतो असे नाही.

जवळचे स्थानक जयसिंगपूर. शाहू महाराजांनी ही बाजारपेठ १९१७ मध्ये वसवली. काटकोनात छेदणारे रस्ते पाहा. आखणी आधी, घरे नंतर!

खरी मौज मिरजेत. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग पूर्वी मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर १ मीटर. पुण्यापुढे मुंबईकडे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. कोल्हापूरची गुळाची ढेप मुंबईला जायची, तर पुण्यात एका वाघिणीतून काढून दुसरीत चढवावी लागे. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे मिरजेला पोचली. तिचे रूळ अवघ्या ७६२ मिलिमीटरवर. १९७१ मध्ये कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज आले. त्यानंतर बरीच वर्षे मिरजेत तिन्ही मापे नांदत होती. आता सगळीकडे ब्रॉडगेजच आहे.

इतके अरुंद रूळ कशासाठी? खर्च कमी, हे एक कारण. दुसरे कारण वळणाचे. गाडीची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, म्हणून ती सारखेच फेरे घेतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ लांब असतो. आतल्या रुळाची त्रिज्या r आणि रुळांतील अंतर g धरा. काटकोनी वळणात दोन रुळांच्या लांबीतील फरक πg/२ येतो; r गळून जातो! ब्रॉडगेजला हा फरक सुमारे २.६३ मीटर, बार्शीच्या रुळांना १.२० मीटर. वळण जितके आखूड, तितक्या थोड्या अंतरात तो भरून काढायचा. म्हणून चाकाची धाव किंचित निमुळती असते. वळणावर आस बाहेर सरकतो आणि बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते.

फलाटावरूनच चाक न्याहाळा, रुळांवर उतरू नका. शाळेच्या पटांगणात खडूने तिन्ही मापे आखा. मीटरगेजला तो फरक किती येईल, सांगा पाहू!