बसून केलेला हिशेब
(सामान्य काळातील तेविसावा रविवार, वर्ष क. वाचा : लूक १४:२५-३३)



आजच्या शुभवर्तमानातला बुरुजाचा दृष्टांत समजून घ्यायला पुनावळ्यात लांब जावे लागत नाही. महामार्गाच्या कडेला उभे राहिले की चोहीकडे उंच इमारती दिसतात आणि आपल्यापैकी कित्येकांनी त्यांतच घर घेतले आहे. घर घेण्याआधी आपण किती रात्री कागद-पेन घेऊन बसलो ते आठवा. पगार किती, हप्ता किती, मुलांची फी, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, बिल्डर ताबा वेळेवर देईल की नाही. प्रभू येशू हेच उदाहरण घेतो. बुरूज बांधणारा माणूस आधी बसतो व खर्च मोजतो, नाही तर पाया घालून काम अडते आणि येणारे-जाणारे हसतात. माझे शिष्य होण्याचा असा हिशेब तुम्ही कधी केलात का, असे तो आपल्याला विचारत आहे.

हा प्रश्न त्याने फक्त बारा प्रेषितांना विचारलेला नाही. संत लूक सांगतो की लोकांचे मोठे समुदाय त्याच्याबरोबर चालले होते, तेव्हा त्याने मागे वळून हे शब्द उच्चारले. म्हणजे बरोबर चालणे निराळे आणि शिष्य होणे निराळे. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आपणही भक्तिभावाने जातो. यात्रा चांगलीच आहे. पण गर्दीत असताना आपल्याला किंमत कोणी विचारत नाही.

याच अध्यायात थोडे आधी मेजवानीचा दृष्टांत आहे. बोलावलेले लोक निमित्ते सांगतात. एकाने शेत घेतले, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले. शेताच्या जागी फ्लॅट आणि बैलांच्या जागी गाडी घातली की हा उतारा आपल्याच सोसायटीचा वाटतो. यातले एकही काम वाईट नाही, हे लक्षात घ्यावे.

आईवडिलांचा ‘द्वेष’ करण्याविषयीचे वचन ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. त्या काळच्या यहुदी बोलीत दोघांपैकी एकावर कमी प्रेम करणे यालाच द्वेष म्हणण्याची रीत होती. मत्तयच्या दहाव्या अध्यायातील सदतिसावे वचन सोबत वाचले की अर्थ उलगडतो. देवाच्या नावावर आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने स्वतःच फटकारले आहे (मार्क ७:९-१३). तेव्हा प्रश्न पहिल्या जागेचा आहे.

आपण देहू-आळंदीच्या शेजारी राहतो. आपल्याबरोबर कामाला असलेल्या एखाद्या वारकरी बंधूने माळ घातली, की तो काय खाणार नाही, काय पिणार नाही, आषाढीच्या आधी रजा कशासाठी मागणार, हे साऱ्या खात्याला ठाऊक असते. त्याची थट्टा झाली तरी तो माळ काढत नाही. आपल्या गळ्यातही क्रूस असतो. त्यामुळे आपण काय करणार नाही, हे आपल्या खात्यात कोणाला ठाऊक आहे का? हे लिहिताना आम्हालाही ओशाळल्यासारखे होते.

शिष्यत्व म्हणजे फादर-सिस्टरांचे काम, असे मानणाऱ्यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन पाहावे. सुमारे १५५७ साली वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली व काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाही. आपण असतो तर कदाचित रागावून देवळात जाणेच सोडले असते. गोन्सालो यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात त्यांना यशही आले. पुढे मनिला येथे चालता धंदा सोडून ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत.

१५९३ साली फादर पीटर बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता. नकार मिळालेल्या या माणसाची भाषा आता कामी आली. राज्यकर्ता हिदेयोशी याच्यापुढे फादरांचे म्हणणे गोन्सालो मांडत. १५९६ च्या अखेरीस अटकसत्र झाले. क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, मग ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार केले. पोप नववे पायस यांनी १८६२ साली त्यांना संत म्हणून घोषित केले.

या सव्विसांपैकी सतरा जण प्रापंचिक होते. लुईस नावाचा मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. शिपाई मथायस नावाच्या एका माणसाला धरायला आले, तो घरी नव्हता, तेव्हा शेजारचा दुसरा मथायस ‘मीही मथायस आणि मीही ख्रिस्ती’ असे सांगून पुढे झाला, अशी हकिकत आहे. त्याचे नाव यादीत नव्हते. मागे राहिला असता तर त्याला कोणी काही म्हटले नसते.

आपल्याला कोणी क्रूसावर चढवणार नाही. आपली कसोटी लहान असते. मध्यंतरी आमच्या वस्तीतील प्रार्थनासभेत चाकणच्या बाजूला कामाला असलेल्या एका बंधूंनी विचारले, “माल न तपासता तपासणीच्या कागदावर सही करायला सांगतात. सगळेच करतात म्हणतात. मी काय करू?” आम्ही सगळे गप्प. शेवटी एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “बाबा, नोकरी गेली तर घरात किती महिने भागेल, ते आधी बघ.” आम्हाला त्या वेळी हे बोलणे आवडले नाही. इतक्या गंभीर प्रश्नाला हे काय व्यवहाराचे उत्तर, असे वाटले. घरी येऊन लूकचा हा अध्याय उघडला तेव्हा लक्षात आले, की मावशींनी प्रभूचाच सल्ला दिला होता. आधी बसा, मोजा.

ते बंधू आणि त्यांची पत्नी खरोखर बसले. चार महिने भागेल एवढी शिल्लक निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना नम्रपणे सांगितले, की तपासून झाल्यावरच सही करीन. नोकरी गेली नाही, परंतु कायम करण्याचे मात्र लांबणीवर पडले आहे. पत्नीने हिशेबाला साथ दिली नसती तर मला धीर झाला नसता, असे ते म्हणतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गाविषयीही सांगणे भाग आहे. प्रथम परमप्रसादापर्यंत मुले नियमित येतात, दृढीकरणानंतर दिसेनाशी होतात. पाया घालून काम बंद. यात मुलांचा दोष थोडा. आम्ही त्यांच्याकडून उत्तरे पाठ करून घेतली, पण शिष्य होण्याला काय पडते ते त्यांना सांगितले नाही आणि घरीही ते कोणी बोलले नसावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या पत्रात स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकालाच मिशनरी शिष्य म्हटले आहे. त्यात नववीतला मुलगाही आला.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी लूकचा चौदावा अध्याय पूर्ण वाचावा. घाई नसावी, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. मग पतिपत्नींनी कागद घेऊन बसावे आणि कामावर, सोसायटीत, नात्यागोत्यात प्रभूसाठी कोणती एक गोष्ट आपण करणार नाही व त्याला काय पडेल, हे लिहून काढावे. वस्तीच्या पुढच्या सभेत ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांनी सांगावे, सक्ती नाही. त्या बंधूंच्या नोकरीचा निर्णय पुढील महिन्यात अपेक्षित आहे. त्यांच्यासाठी आणि विशेषतः त्यांच्या पत्नीसाठी जपमाळेचे एक दशक अर्पण करावे.