प्रकल्प मुलांचाच राहू द्या

प्रिय पालकहो,

प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री कितीतरी घरांत उशिरापर्यंत दिवा चालू असतो. मूल झोपलेलं असतं; आई पुठ्ठे कापत असते, बाबा इंटरनेटवरून काढलेली माहिती चिकटवत असतात. नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार मॉडेल येतं. त्यामागची तुमची माया आम्हा शिक्षकांना कळते. पण त्या देखण्या मॉडेलबद्दल काही विचारलं की मूल मान खाली घालतं, तेव्हा जीव तुटतो.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या एका गटाने प्रश्न घेतला : शाळेच्या गच्चीवर पडणारं पाणी किती? मुलांनी टेप धरून गच्ची मोजली. २० मीटर लांब, १० मीटर रुंद. सरळ कडांच्या बरणीला पट्टी चिकटवून पर्जन्यमापक केला. रोज सकाळी नोंद घेतली, आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले. १० मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी संगणकाने उत्तर दिलं, २०,००० लिटर! गटातली एक मुलगी अडून बसली, "एवढं कसं असेल?" एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शोधाशोध झाली. नोंद आधीच मिलिमीटरमध्ये होती. सूत्रात त्या नोंदीला पुन्हा दहाने गुणलं गेलं होतं. खरं उत्तर २,००० लिटर.

मी ती चूक पहिल्याच दिवशी पाहिली होती. मुद्दाम गप्प राहिलो. संगणक झरझर हिशेब करतो, पण त्याला काय सांगितलं हे तपासायला माणूसच लागतो, हे त्या मुलांना आता कुणी शिकवायला नको.

स्वतः करून शिकण्याची ही वाट आपल्या मातीत नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून काम करत शिकण्याची पद्धत अनेक हायस्कुलांत पोचली.

"यात अभ्यास बुडतो," असं तुम्ही म्हणता. त्या एका गच्चीत क्षेत्रफळ, घनफळ, एककं, आलेख आणि भूगोल सगळं आलं होतं. आणि फोनचं म्हणाल, तर तो हातात घेताना मुलाकडे स्वतःचा प्रश्न आहे का, एवढं बघा. प्रश्न असेल तर फोन अवजार होतो. नसेल तर वेळ खातो.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या वेळी प्रकल्प घरी आला की सामान जमवून द्या, सोबत बसा, "हे असं का?" एवढंच विचारा. कात्री मात्र मुलाच्याच हातात राहू द्या. वेडावाकडा कापलेला पुठ्ठा आम्हाला चालेल. तो त्याचा असेल.