लायपो चालवताना नव्हे, ठेवताना जपा

रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या नादात बंगळुरातले माझे बहुतेक रविवार जातात. मैदानावर गाड्या उलटतात, गिअर झिजतात, बंपर तुटतात. पण या छंदातला खरा धोका मी मैदानावर कधी पाहिला नाही. पाहिला तो घरात, चार्जरपाशी आणि कपाटात. लिथियम पॉलिमर बॅटरी, म्हणजे आमच्या बोलण्यातली लायपो, पळून बिघडते त्याहून जास्त पडून बिघडते.

आमच्या इमारतीतलं बेळगावकडचं एक कुटुंब गणपतीला गावी गेलं. त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडे एसपी रोडवरून आणलेली बगी होती आणि तिचे थ्री-एसचे, म्हणजे तीन सेलचे, दोन पॅक. आल्या आल्या गाडी पळवता यावी म्हणून निघताना त्यानं दोन्ही पूर्ण भरले. एक कपाटात गेला, दुसरा गाडीतच जोडलेला राहिला. परतल्यावर पाहतो तर कपाटातला पॅक फुगलेला आणि गाडीतला पार मेलेला. व्होल्टेज इतका खाली की चार्जर त्याला हातच लावेना. मग त्यानं कुठल्याशा व्हिडिओतली युक्ती वापरली: चार्जर निकेल बॅटरीच्या मोडवर टाकायचा आणि पॅक ‘जागा’ करायचा. पाच मिनिटांसाठी लावलेला पॅक जेवणाच्या गप्पांत विसरला. बाल्कनीतून फुसफुस ऐकू आली, मागोमाग पांढरा धूर आणि ज्वाळा. मला हाक आली तेव्हा घरातली माणसं बाहेर पडली होती. खाली चाललेल्या बांधकामाची वाळू बादलीनं आणून ओतली तेव्हा आग आटोक्यात आली. खुर्ची आणि वाळत घातलेले कपडे गेले, माणसं वाचली. घसा मात्र आम्हा सगळ्यांचाच धरला होता.

यात नेमकं काय चुकलं, ते समजून घ्या. मोबाइलच्या बॅटरीला संरक्षक सर्किट असतं. रिमोटच्या गाड्यांच्या पॅकला बहुधा नसतं, ते काम आपल्याला करावं लागतं. लायपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या खाली त्याला कधीही जाऊ द्यायचं नसतं. पूर्ण भरून ठेवलेल्या सेलमध्ये, त्यातही उकाड्यात, आतल्या द्रावाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पॅक फुगतो. गाडीतल्या पॅकचं उलट झालं. स्विच बंद असला तरी स्पीड कंट्रोलर किंचित वीज ओढत राहतो. सेल फारच खाली गेला की आतलं तांब्याचं पान विरघळू लागतं, आणि असा सेल पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. त्यात मोड निकेलचा. निकेल बॅटरी भरली की तिचा व्होल्टेज जरासा घसरतो आणि त्या खुणेवर चार्जर थांबतो. लायपोत ती खूण येतच नाही, त्यामुळे चार्जर वीज ढकलतच राहतो.

म्हणून चार्जिंगला लावताना प्रत्येक वेळी चार गोष्टी पाहा: मोड लायपोचा आहे ना, सेल बरोबर मोजलेत ना, करंट किती, आणि बॅलन्सचा छोटा प्लग जोडलाय ना. टू-एस पॅक ८.४ व्होल्टला भरतो, थ्री-एस १२.६ ला, आकडा चुकला तर सेलची खैर नाही. करंट पॅकच्या क्षमतेइतका, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, ५००० ला ५. दशांश चिन्हाकडे नीट बघा, २.२ चे २२ व्हायला वेळ लागत नाही. मैदानावरून आणलेला गरम पॅक निवल्याशिवाय चार्जरला लावू नका.

जागाही महत्त्वाची. लाकडी टेबल, गादी, पडदा यांपासून दूर, उघड्या फरशीवर चार्ज करा. फ्लॅटमध्ये पुष्कळ जण मुख्य दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर चार्जर मांडतात. आग लागली तर बाहेर पडायची वाटच अडते. लायपोसाठी मिळणारी आगरोधक बॅग ज्वाळा काही अंशी थोपवते, धूर नाही. आणि चार्जिंग चालू ठेवून झोपू नका. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला आग लागली आणि धुरात गुदमरून बाप-लेक गेले. लिथियमच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. पेट घेतलाच तर लहान पॅकवर वाळू किंवा भरपूर पाणी टाका, पण प्लग आधी काढा. धूर कोंडला तर शौर्य दाखवू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

आता ठेवण्याचं. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहणार असेल, तर पॅक प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. थ्री-एसला साधारण ११.४. चांगल्या चार्जरवर यासाठी ‘स्टोरेज’ हा वेगळा मोड असतो. पॅक गाडीतून काढा, प्लगची टोकं झाका, किल्ल्या-नाण्यांच्या डब्यात टाकू नका. महिन्याकाठी व्होल्टेज तपासा. बंगळूर थंड, या भरवशावरही राहू नका: २४ एप्रिल २०१६ रोजी इथे ३९.२ अंशांची नोंद झाली आहे, आणि उन्हात उभ्या बंद मोटारीत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं.

फुगलेला पॅक दाबू नका, टोचू नका, ‘अजून चालतोय’ म्हणून वापरू नका. उघड्यावर बारा व्होल्टचा बल्ब लावून तो सावकाश रिकामा करा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला तर तिथे आग लागेल. विमानानं जाताना सुटे पॅक केबिनमध्येच, टोकं झाकून न्यायचे. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी असते, आणि ५००० एमएएचचा थ्री-एस ५५.५ भरतो.

सणाला गावी निघताना आपण गॅस बंद केला का, गिझर बंद आहे का, हे पाहतो. त्याच फेरीत मुलांच्या गाड्यांमधले पॅक काढा आणि ३.८ वर आणून ठेवा. मेलेला पॅक मात्र जागा करायच्या भानगडीत पडू नका. नवा पॅक घर पेटवून घेण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.