शेक की सलाईन?

पासलीच्या एका वाचकाने विचारले आहे : आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग असून तो तिसऱ्या टप्प्याचा आहे. डॉक्टरांनी पाच आठवडे रोज शेक घ्यायला सांगितले आहे. घर, गुरे, शेती सोडून इतके दिवस पुण्यात राहणे अवघड जाते. त्याऐवजी तीन आठवड्यांतून एकदा केमोची सलाईन घेतली तर चालेल का?

असा प्रश्न अनेक घरांत पडतो, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो. नाही, चालणार नाही. या टप्प्यात शेक म्हणजे किरणोपचार हा मुख्य उपचार आहे आणि केमो त्याची मदतनीस.

तिसऱ्या टप्प्यात रोग गर्भाशयाच्या तोंडापुरता राहत नाही. तो ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत किंवा योनीच्या खालच्या भागापर्यंत पोहोचतो, कधी मूत्रनलिका दाबतो. अशा वेळी पिशवी काढून रोग मुळासकट निघत नाही. किरणे मात्र त्या सगळ्या भागावर देता येतात. केमोचे औषध रक्तातून सर्वत्र फिरते, पण एवढी मोठी गाठ ते एकटे कायमची संपवू शकत नाही. सिस्प्लॅटिन हे औषध आठवड्यातून एकदा, शेक चालू असतानाच दिले, तर कर्कपेशी किरणांपुढे अधिक दुबळ्या होतात.

याचा पडताळा आपल्याच राज्यात झाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ३-ब टप्प्याच्या ८५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना नुसते किरण दिले आणि निम्म्यांना किरणांबरोबर सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या, दुसऱ्या गटात ५४. केमोच्या जोडीने शंभरामागे आठ जीव अधिक वाचले. पण नुसत्या किरणांवरही ४६ जणी जगल्या, हे विसरू नये. मूत्रपिंड अशक्त असल्याने कोणाला सिस्प्लॅटिन देता आले नाही, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून शेक सोडू नयेत.

शेक दोन प्रकारचे असतात. बाहेरून यंत्राने आठवड्यातून पाच दिवस, साधारण २५ वेळा देतात. प्रत्येक वेळी काही मिनिटे लागतात आणि दुखत नाही. नंतर आतून, गर्भाशयमुखाजवळ नळी ठेवून काही वेळा देतात. बाहेरचे शेक झाले, अंगावरून जाणे थांबले, की बऱ्याच जणी घरी परततात. हे फार घातक आहे. गाठीला जबर मात्रा आतल्या शेकांतूनच मिळते. शिवाय सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा लागतो. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

उपचारात जुलाब, लघवीला जळजळ, मळमळ व थकवा येतो. डॉक्टरांना सांगितले तर त्यावर औषधे मिळतात. पाणी भरपूर प्यावे. केमोपूर्वी दर वेळी रक्त व मूत्रपिंडाची तपासणी करावी. बाहेरच्या शेकांनी बाईच्या अंगात किरणे राहत नाहीत. ती नातवंडांना जवळ घेऊ शकते, तिचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

मग केमो मुख्य केव्हा? रोग फुफ्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पसरला असेल तेव्हा. त्यातही रक्तस्राव किंवा हाडाचे दुखणे थांबवण्यासाठी थोडे शेक देतात.

राहण्याच्या अडचणीसाठी उपचार सुरू होण्याआधीच रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयांत कर्करोगाचे उपचार होतात. एस.टी.च्या भाड्यात कर्करुग्णांना सवलत आहे. भावकीने गुरांची आणि शेताची पाळी वाटून घेतली, तर सोबतीचा माणूसही निघू शकेल.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे ही लक्षणे कोणत्याही बाईने अंगावर काढू नयेत. तपासणीत लाज कसली? रोग लवकर सापडला तर उपचार सोपा असतो आणि बरे होण्याची आशा कितीतरी अधिक.