पुट्रु म्हणजे वारूळ

दक्षिण वीधी, तंजावर

चि. माधव,

परवा फोनवर तू विचारलंस, "अप्पांनाच का झालं, आत्या? आणि मलाही होईल का?" तेवढ्यात मागून तुझ्या आईचा आवाज आला आणि मी विषय बदलला. पण ते दोन प्रश्न तेव्हापासून मनातून गेले नाहीत. फोनवर उरकण्यासारखे ते नाहीत, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच.

तुझी आई म्हणते दृष्ट लागली. धाकटी काकू म्हणते पूर्वजन्मीचं काहीतरी फेडायचं राहिलं होतं. आणि शेवटच्या महिन्यांत आपल्याच नात्यातली दोन माणसं अण्णांच्या, म्हणजे तुझ्या अप्पांच्या, शेजारी पानावर बसेनाशी झाली, हे तूही पाहिलंस. माधव, यातलं काहीही खरं नाही. हा रोग शेजारी बसून जेवल्यानं लागत नाही, आणि तो शिक्षाही नव्हे. माझ्या भावाचं काही पाप नव्हतं. हे आधी मनात पक्कं कर, मग पुढचं वाच.

आपण घरात मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. या रोगाला दोन भाषांत दोन नावं आहेत. मराठीत कर्करोग, म्हणजे खेकड्याचा रोग; गाठीभोवती पसरलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, तेव्हापासून ते नाव चालत आलं. तमिळमध्ये पुट्रुनोय. पुट्रु म्हणजे वारूळ. मला तमिळ नाव जास्त खरं वाटतं. मातीचा उंचवटा आपल्याला दिसतो, तोवर खालचं काम कितीतरी दिवस चाललेलं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी डॉक्टर नाही, पण चौतीस वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढली. शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून काचेवर चढवायचे, हे माझं काम. आमचे मोठे डॉक्टर कधीकधी हाक मारायचे, "इकडे या, हे बघा." अशा हाकांवरच माझं शिक्षण झालं.

निरोगी गालाचा काप फार सुंदर दिसतो. वर चपट्या पेशींचे थरावर थर आणि सगळ्यांत खाली एक बारीक रेघ. त्या रेघेला टेकून उभ्या असलेल्या पेशी नव्या पेशी तयार करतात. नव्या पेशी वर सरकत जातात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. तोंडाचं अस्तर असं सारखं नवं होत असतं. प्रत्येक नवी पेशी होताना आतल्या डीएनएची पूर्ण नक्कल उतरवावी लागते. तो मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. नकलेत चुका होतात, बहुतेक लगेच दुरुस्त होतात, आणि दुरुस्त न होणारी चूक असली तर ती पेशी बहुधा स्वतःच मरून जाते. असं मरण घडवून आणणाऱ्या जनुकांपैकी एकाचं नाव पी-५३. माणसांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक कर्करोगांत हेच जनुक बिघडलेलं सापडतं.

म्हणजे एका चुकीनं कर्करोग होत नाही. वाढ सुरू करणारं जनुक बिघडून सतत चालू राहावं लागतं, वाढ थांबवणारं बंद पडावं लागतं, मरायचं विसरावं लागतं, आणि हे सगळं पेशींच्या एकाच वंशात एकावर एक साठावं लागतं. त्याला बहुधा दहा, वीस, तीस वर्षं लागतात. म्हातारपणी हा रोग जास्त का दिसतो, याचं मोठं कारण हेच.

आता अण्णांचा डावा गाल. तुला आठवत असेल, जेवण झालं की पितळी पेटी उघडायची. कुंभकोणमचं कोवळं पान, वर चुना, सीवल म्हणजे सुपारीचे पातळ काप, आणि चिमूटभर तंबाखू. चावून झालं की चोथा डाव्या गालात. किती तरी रात्री ते तसेच झोपले. तीस वर्षं गालाची तीच जागा त्या रसात भिजत होती. तंबाखूतली नायट्रोसअमाइन नावाची द्रव्यं डीएनएला चिकटून नक्कल बिघडवतात. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या भागात चिवट तंतू साठत जातात. अस्तर सारखं दुखावतं, भरून येण्यासाठी पेशी पुन्हापुन्हा विभागतात, आणि जितक्या नकला तितकी चुकांना जागा. गाठ डाव्या गालातच का आली, याचं उत्तर एवढं सरळ आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. कन्याकुमारीकडच्या नेय्यूरच्या मिशन इस्पितळातल्या बेंटल नावाच्या डॉक्टरांनी १९०८ साली आपल्याकडच्या १७०० कर्करुग्णांची हकीकत छापली. तोंडाचा कर्करोग त्यांत फार मोठ्या प्रमाणात होता. पुढे मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, तिथं वसंत रामजी खानोलकरांनी पान-तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध वर्षानुवर्षं तपासला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं हे कागदावर आहे. आणि आजही भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. हे लिहिताना मला संताप येतो.

तू म्हणालास, तुझ्या त्या पाकिटात तंबाखू नाही, नुसता पानमसाला आहे. ऑफिसात सगळेच खातात. माधव, सुपारी एकटीच पुरेशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला, तंबाखू नसली तरीही, माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हणूनच नोंदवलं आहे. लग्नाच्या तबकात असते, देवापुढे असते, म्हणून तिच्याविषयी वाईट बोलायला आपली जीभ रेटत नाही. देवापुढे राहू दे. गालात नको. आणि एक सांग, तिखट खाताना तुझ्या तोंडाची आग होते का? तोंड पूर्ण उघडतं का? स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घाल. जात नसतील तर मला त्याच दिवशी कळव. सुपारीनं गाल आतून आवळत जातो. तुझ्यापेक्षा लहान मुलांचीही तोंडं अशी बंद होताना मी पाहिली आहेत.

आता त्या रेघेकडे येते, कारण सगळं तिथं ठरतं. पेशी बिघडू लागल्या की आधी थरांची शिस्त मोडते. केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी दिसतात. वर जाऊन चपट्या होण्याऐवजी पेशी गर्दी करतात. तोंडात पाहिलं तर पांढरा चट्टा दिसतो, किंवा मखमलीसारखा लाल. लाल अधिक धोक्याचा. पण जोवर ती बारीक रेघ शाबूत आहे, तोवर तो कर्करोग नाही. काही चट्टे सवय सोडल्यावर कमी होतात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही पुढे जातात. ज्या दिवशी पेशी ती रेघ फोडून खाली उतरतात त्या दिवसापासून नाव बदलतं. खाली उतरलेल्या पेशींची गोल वलयं होतात, मधोमध गुलाबी चकाकी. डॉक्टर त्याला मोती म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो शब्द सहन झाला नव्हता.

पुढचं तुला कावेरीकाठी वाढल्यामुळे लगेच समजेल. गाठ वाढायला लागली की तिला रक्त हवं. मग ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना इशारे देऊन स्वतःकडे नवे फाटे ओढून घेते, मोठ्या कालव्यातून कुणी आपल्या शेतात चोरून पाट काढावा तसे. आणि वाहत्या पाण्याबरोबर तणाचं बी खालच्या शेतात जातं. गालातली गाठ बहुधा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरते, मग फुप्फुसाकडे. अण्णांच्या मानेला सुपारीएवढी गाठ लागली तेव्हा हे घडून गेलं होतं.

इथं मला एक सांगितलंच पाहिजे. त्याच्या दीड वर्ष आधी, दिवाळीला, अण्णा मोठ्यानं हसले तेव्हा मला तो पांढरा चट्टा दिसला होता. मी म्हटलं, "अण्णा, तपासून घ्या." ते म्हणाले, "दातानं चावलं गं." थोरला भाऊ, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी पुन्हा बोलले नाही. रोज असले काप रंगवणारी मी, घरात मान ठेवून गप्प बसले. नंतर ते एका डॉक्टरकडे गेले, त्यानं चार महिने नुसतं लावायचं औषध दिलं. पण पहिली चूक माझी. म्हणूनच आज तुला आवडो न आवडो, मी लिहिणार आहे.

तू विचारशील, मग आजीचं काय? ती रोज विडा खायची आणि शहाऐंशी वर्षं जगली. खरं आहे. विडा खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही; चुका नेमक्या त्या जनुकांत, त्या पेशीत साठाव्या लागतात, आणि त्यात योगायोगही असतो. पण अशा पेशी बनण्याच्या संधी तू रोज वाढवतो आहेस. उलट, आयुष्यात कसलंही व्यसन न केलेल्या माणसांनाही, लहान मुलांनाही हा रोग होतो, कारण नकलेत आपोआपही चुका होतात. काही कर्करोगांचं कारण विषाणू असतो: गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही, यकृताच्या कर्करोगामागे पुष्कळदा हिपॅटायटिस बी, आणि दोन्हींवर लस आहे. तुझ्या बहिणीच्या मुलीला एचपीव्हीची लस दिली का, हे तिला विचार. नऊ ते चौदा हे वय त्यासाठी सगळ्यांत चांगलं. दारूही कारण आहे, आणि तंबाखूच्या जोडीला आली तर तोंडासाठी फारच वाईट.

वंशाविषयी तुला भीती आहे. आईबापांकडून आलेल्या एखाद्या ठळक बिघाडामुळे होणारे कर्करोग शंभरातले पाच-दहा, आणि तोंडाचा कर्करोग सहसा त्यांत नसतो. अप्पांनी तुला रोग दिलेला नाही. दिली असेल तर पितळी पेटीची सवय, आणि ती रक्तात नसते.

सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही, पण वर्षागणिक उतरत जातो. तू चोवीस वर्षांचा आहेस. महिन्यातून एकदा आरशासमोर उभा राहून विजेरीच्या उजेडात दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि हिरड्या बघ. चट्टा, गाठ, न भरणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर मलम लावत बसू नकोस, तुकडा तपासायला सांग. आणि वहीत तारीख घाल. आपल्या तंजावरचे राजे सरफोजी महाराज त्यांच्या धन्वंतरी महाल या चिकित्सालयातल्या नेत्ररोग्यांच्या हकीकती डोळ्यांच्या चित्रांसह उतरवून ठेवत. त्यांतले कागद दोनशे वर्षांनी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तुला चित्र काढता येतं. गालाचंही काढता येईल.

गरज पडलीच तर घाबरायचं नाही. पुदुक्कोट्टैच्या मुत्तुलक्ष्मी रेड्डींची बहीण या रोगानं गेली, आणि त्यांनी चेन्नईत अड्यारचं कर्करोग इस्पितळ १९५४ साली उभं केलं. लवकर पोचलेल्या तोंडाच्या कर्करोगाची माणसं बरी होतात. मी त्यांचे पहिले कापही पाहिले आहेत आणि दहा वर्षांनी त्यांना बाजारात भाजी घेतानाही.

अण्णांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात. भटजींना मी सांगून ठेवलं आहे, विड्याऐवजी फळ आणि दक्षिणा द्यायची, पंगतीत सीवलचं ताट फिरणार नाही. तुझ्या आईला थोडं जड गेलं, पण तिनं होकार दिला. ती पितळी पेटी मी घासून ठेवली आहे. तुला हवी तर तुझ्या ब्रशांसाठी ने.

तुझी गाडी पहाटे पोचते. उजाडलं की पुढच्या ओट्यावर बसू. आधी तोंड उघडून दाखव, मग कॉफी.

तुझी
आत्या