आधी तोंड उघडायला लावा

घनसावंगीत माझं किराणा दुकान आहे. कोणतं लेकरू रोज काय खातं, हे मला पुष्कळदा त्याच्या आईच्या आधी कळतं. शाळेत जाताना पाचचा बिस्किटपुडा, मधल्या सुट्टीत कुरकुरे, घरी जाताना पेप्सीची कांडी. पण खाण्याचा आणि वजनाचा दाताशी संबंध असतो, हे मला भावाच्या लेकरांनी शिकवलं.

भावाची धाकटी दुसरीत, अंगाने काडी. पहिलीत साडेसोळा किलो, दुसरीत सतरा. ताटात भाकरी आली की तोंड फिरवायची; चहात बुडवलेला टोस मात्र मागून खायची. वहिनीने टॉनिक आणलं, आईने दृष्ट काढली. जंताची गोळी तर शाळेतच मिळाली होती. रात्री दाढ ठणकायला लागली तेव्हा कोणीतरी बाजारातल्या ‘दातातला किडा’ काढणाऱ्याकडे न्यायला सांगितलं. त्याने भुईरिंगणीच्या बियांची धुरी दिली आणि वाटीतल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. ही निव्वळ हातचलाखी! दातात अळ्या नसतात. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं कवच झिजवतं, ही खरी कीड. धुरीने ठणका घटकाभर थांबला, पुढे गालच सुजला.

नेमकं तेव्हाच शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. २०१३ पासून ही योजना आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, वजन-उंचीबरोबर दातही बघतं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला काट्यावरून उतरवलं आणि तोंड उघडायला लावलं. खालच्या दोन्ही बाजूंच्या दुधाच्या दाढा पोखरलेल्या. “ही जेवत नाही असं नाही, हिला चावता येत नाही,” त्या म्हणाल्या आणि जालन्याच्या दवाखान्यात न्यायची चिठ्ठी दिली.

घरात लगेच सूर निघाला, दुधाचेच दात आहेत, पडणारच की! इथंच बहुतेक घरं फसतात. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. वाढीच्या ऐन वयात लेकराने चावायचं कशाने? दुखतं म्हणून मऊ आणि गोड खायचं, गोडाने कीड वाढायची, ठणक्याने झोप जायची. या फेऱ्यात वजन अडकतं. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्या आधी तिथला दात पडलेला नसतो, म्हणून तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते, गेली की गेली.

याच घरातला थोरला पाचवीत, ४८ किलोचा. खात्यापित्या पोराचं तोंड कोण बघतो? बहिणीबरोबर त्यालाही नेलं, तर त्याच्या त्या कायमच्या दाढाच किडलेल्या निघाल्या. एक वाळलेली, एक सुटलेला, आणि दोघांच्या हातात पुडा एकच. जगभरातही दोन्ही चित्रं दिसतात. फिलिपाइन्समध्ये बारा वर्षांच्या ज्या मुलांच्या दातात पू झाला होता, त्यांच्यात वजन कमी असलेली जास्त होती. श्रीमंत देशांत किडके दात आणि जास्त वजन अनेकदा जोडीने आढळतात.

पोरीच्या एका बाजूच्या दाढा वाचल्या, दुसरीकडची काढावी लागली. महिनाभरात ती काही गुबगुबीत झाली नाही, पण भाकरी खायला लागली आणि पुढच्या वर्षी काटा हलला. आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या १०० पैकी ३६ बालकांचं वजन कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. सगळा दोष दातांचा नाही. रक्त कमी असतं, पोटात जंत असतात, कुठे घरात पुरेसं अन्नच नसतं. पण दात बघायला पैसे लागत नाहीत.

मी पुडे विकतो आणि विकणार. तरी गिऱ्हाइकाला सांगतो, किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे जास्त नडतं. दर वेळी गोड खाल्लं की तोंडातलं आम्ल ओसरायला अर्धा-पाऊण तास जातो. दिवसभर पुरवून खाल्लेल्या पुड्यापेक्षा जेवणाबरोबरचा लाडू परवडला. रात्री झोपण्याआधी ब्रश हवाच. फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांवरच्या लेकराला वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासणारा हात मोठ्या माणसाचा. दाढ ठणकली तरी मशेरी, तंबाखू तिच्यात दाबू देऊ नका. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांची शाळेतली तपासणी हुकते. त्यांनी निघण्याआधी सरकारी दवाखान्यात दात दाखवून घ्यावेत.

शाळेत वजन झालं की आकडा विचारा, मागच्या वर्षीचाही विचारा. सहा ते दहा या वयात वर्षाला साधारण दोन-तीन किलो वाढायला हवं. वाढलं नसेल तर माझ्याकडे दुधात घालायच्या पावडरीचा डबा मागायला येऊ नका. आधी लेकराला उजेडात उभं करा आणि मागच्या दाढा बघा.